पडद्यामागचं स्वयंपाकघर

आमचं स्वयंपाकघर आणि थिएटरचा पडदा यांच्यामध्ये एकच भिंत होती. स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन वर्षं उलटली होती. कोल्हापुरात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो; आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, त्याची नवी बायको आणि मी. दादा कचेरीत कारकून होता. मी कॉलेजात नुकताच गेलो होतो. थिएटरच्या पाठीमागच्या बोळातलं ते घर स्वस्त मिळालं होतं, आणि स्वस्त का मिळालं ते पहिल्याच दिवशी दुपारी तीन वाजता कळलं. पडद्यामागं ठेवलेल्या लाऊडस्पीकरची पाठ आमच्या चुलीकडं होती. भिंतीत उंचावर हवेसाठी भोकं ठेवलेली. दिवसाचे तिन्ही खेळ त्यातून आत यायचे. संवाद तोंडावर पदर धरून बोलल्यासारखे यायचे, शब्द लागत नसे. वाद्यं मात्र स्वच्छ ऐकू यायची.

आईनं कपाळाला हात लावला. "या घरात देवाचं नाव घ्यायची सोय नाही," ती म्हणाली. दादा म्हणाला, होईल सवय. झालीही. पंधरा दिवसांत आम्हाला तो आवाज ऐकू येईनासा झाला. वहिनींना मात्र तो रोज नव्यानं ऐकू येत राहिला.

वहिनी गारगोटीच्या. त्यांचे वडील शाळामास्तर होते आणि प्रार्थनेसाठी त्यांनी घरात एक पेटी ठेवली होती. त्या पेटीवर त्यांनी मुलीला सूर ओळखायला शिकवलं होतं. आमच्याकडं पेटी नव्हती. सिनेमाला जायचं तर आईला ते खपत नसे. लग्न होऊन वर्ष झालं तरी भिंतीपलीकडच्या थिएटरात वहिनींनी पाऊल टाकलं नव्हतं.

एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो तर त्या शेंगा फोडत बसल्या होत्या आणि हात थांबलेला होता.

"भाऊजी, हा पिक्चर तुम्ही बघितलात ना?"

"परवाच."

"मध्यंतरानंतर थोड्या वेळानं सगळी व्हायोलिनं एकदम वर चढतात आणि गप्प होतात. मग एकटी बासरी उरते. तिथं काय होतं?"

मी आठवायला लागलो. गाणी सगळी आठवत होती. बासरी काही केल्या आठवेना. मला माझीच लाज वाटली.

"पुन्हा बघून सांगतो," मी म्हणालो.

त्या हसल्या. त्यांना थट्टा वाटली. मी खरंच गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, की थोरला मुलगा भांडून घर सोडतो, व्हायोलिनं चढतात ती त्या भांडणात. आणि नंतर आई नुसती दारात उभी असते, तिथं बासरी आहे.

वहिनी बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणीतरी जातंय हे कळलं होतं मला. पण मला वाटलं, बासरी जाणाऱ्याची आहे. ती राहणाऱ्याची निघाली."

त्या वाक्यानं माझं सिनेमा बघणंच बदललं. पार्श्वसंगीत हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता. वहिनी त्याला 'बिनशब्दाचं' म्हणायच्या. गाण्यांच्या तबकड्या मिळत, ती रेडिओवर लागत, लग्नात बँडवाले वाजवत. बिनशब्दाचं कुठंही मिळत नसे. चित्रपट उतरला की ते गेलंच. म्हणून चालू असेल तोवर आम्ही ते मन लावून ऐकायचो. वहिनी भिंतीच्या या बाजूनं, मी त्या बाजूनं. मी सगळ्यात पुढच्या बाकावर, स्पीकरच्या अगदी जवळ, मान खाली घालून बसू लागलो.

असं चार-पाच वेळा झाल्यावर थिएटरसमोरच्या चहाच्या दुकानात एक तिशीचा, काळासावळा माणूस माझ्या समोर येऊन बसला.

"काय ओ पावणं, तिकीट काढून झोपायला येताय व्हय?"

"झोपत नाही मी."

"मग पडद्याकडं का बगत न्हाई? वरनं बगतोय न्हवं मी खिडकीतनं. गाणं लागलं की जांभया देताय, गाणं संपलं की डोळं मिटून बसताय. उलटंच की सगळं."

तो थिएटरचा ऑपरेटर होता. बिद्रीकडच्या शेतकरी घरातला. शेत थोरल्या भावावर टाकून मशीनच्या नादानं शहरात आलेला. मी जरा बिचकत त्याला खरं कारण सांगितलं. वाटलं, हा हसणार. त्यानं बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चहा सांडला.

"आवो, मी एकेक पिक्चर साठ-साठ खेळ ऐकतोय. गोष्ट कवाच मरती. नट्या बगून बगून इटतंय माणूस. बॅकग्राऊन तेवढं जित्तं ऱ्हातं! सांगू कुणाला? आमच्यातल्या कुणालाबी सांगितलं तर म्हणत्यात, हे येडं झालं मशीनच्या आवाजानं."

अशी आमची तिघांची मैत्री झाली, आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. ऑपरेटर वहिनींना 'वैनी' म्हणायचा, वहिनी त्याला 'तुमचे ऑपरेटर' म्हणायच्या. मी मधला निरोप्या. सकाळी कॉलेजला जाताना वहिनींचं म्हणणं घेऊन जायचं, पहिल्या खेळाच्या आधी चहाच्या दुकानात ते पोचवायचं, आणि त्याचं उत्तर संध्याकाळी चुलीपाशी आणायचं.

कुठल्या संगीतकाराचा कुठला तुकडा सर्वांत चांगला, यावर आमचं दिवसेंदिवस चालायचं. वहिनींनी कुणाचीच खरी नावं लक्षात ठेवली नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली. मुंबईचा एक संगीतकार जरा कुठं काही घडलं की व्हायोलिनांचा ताफा सोडायचा, त्याला त्या 'वरातवाले' म्हणायच्या. दुसरा एक होता, तो एकटी सतार छेडून नेमका रंग भरायला लागला की हात काढून घ्यायचा. तो 'अर्धा घास'. ऑपरेटर वरातवाल्यांचा, वहिनी अर्ध्या घासाच्या.

"वैनींना म्हणावं," ऑपरेटर एकदा म्हणाला, "घोडं पळाय लागलं की सतारीनं भागत न्हाई. तिथं शंभर माणूस लागतंय वाजवाय."

मी संध्याकाळी निरोप दिला. वहिनी भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "त्यांना सांगा, घोडा पळतोय हे टापांवरून कळतंच की. वरच्या स्वाराच्या पोटात काय पळतंय ते कोण सांगणार?"

निरोप मी ऑपरेटरला पोचवला. तीन दिवस त्यानं विषयच काढला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "काल त्यो घोड्याचा सीन नीट ऐकला. वैनींचं बराबर हाय. पर सांगू नका त्यास्नी."

मी घरी जाऊन पहिल्यांदा तेच सांगितलं. वहिनी इतक्या हसल्या की आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "काय चाललंय गं?"

आमचा आणखी एक खेळ होता. नवा चित्रपट लागला की वहिनींनी बिनशब्दाचं ऐकून प्रसंग ओळखायचा आणि मी पाहून येऊन खरं-खोटं सांगायचं. दहापैकी आठ वेळा त्या बरोबर असायच्या. चुकायच्या तेव्हा मला वाटायचं, चित्रपटवाल्यांनीच चूक केली. मी त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं हाच तर त्या खेळाचा नियम होता.

मग वहिनींना दिवस गेले. सातवा महिना लागला तेव्हा थिएटरात एक चित्रपट आला आणि चालतच राहिला. बायका रुमाल ओले करून बाहेर पडत. आईनं मला आणि शेजारणींना तंबी देऊन ठेवली होती: "तिच्या कानावर कुणी रडगाणी घालायची नाहीत. पोटातलं ऐकत असतं." शेजारणींनीही ते पाळलं.

त्या चित्रपटात मध्यंतरानंतर एक तुकडा होता. आधी देवळातली घंटा वाजते, मग दाराची कडी. त्यानंतर खालच्या पट्टीत एक मोठं व्हायोलिन दोनच सुरांवर पुढं-मागं, पुढं-मागं होत राहतं, आणि त्यावर दुसरं एक हळूहळू बोलायला लागतं. कुठं जोर नाही, कुठं चढणं नाही. ऑपरेटर पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "ह्यो वरातवाल्यांचाच हाय. पर ह्या खेपेला त्यांनी वरात घरीच ठिवली."

वहिनींनी तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला पाठ टेकून माझी वाट बघत बसल्या होत्या. एक हात पोटावर होता.

"भाऊजी, ही अंगाई आहे ना?"

मी चित्रपट पाहिला होता. त्या प्रसंगात एक बाई मांडीवर मूल घेऊन बसलेली असते आणि मांडी हलवत असते. मूल गेलेलं असतं. तिला ते कळलेलं असतं की नसतं, सांगता येत नाही. बाजूला रिकामा पाळणा. शेवटी शेजारची म्हातारी येते आणि तिच्या मांडीवरून मूल उचलून नेते. मांडी तशीच हलत राहते. त्या साऱ्या प्रसंगात कुणी रडत नाही, कुणी बोलत नाही. म्हणून भिंतीच्या या बाजूला काही कळायला मार्ग नव्हता.

"हो," मी म्हणालो. "आई पाळणा हलवतेय."

"मूल झोपतं?"

"झोपतं."

वहिनींचा चेहरा असा उजळला की मला आपण काही चांगलं केलं असंच वाटलं. त्यांनी तो तुकडा सारेगममध्ये बसवला, दोन दिवसांत पाठ केला आणि काम करताना गुणगुणू लागल्या. ऑपरेटरला मी घडलं ते सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंसा. बाळंत हूं द्या सुखानं, मग सांगा." मीही तसंच ठरवलं होतं.

वहिनी बाळंतपणाला गारगोटीला गेल्या. मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात त्या त्याला घेऊन परत आल्या, आणि आमच्या त्या दोन खोल्या पहिल्यांदा घरासारख्या वाटल्या. तोपर्यंत तो चित्रपट उतरून दुसरे दोन-तीन येऊन गेले होते. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन तोच तुकडा म्हणायच्या. शब्द नाहीत, नुसतं तोंड मिटून, दोन सुरांवर पुढं-मागं. पहिला सूर लागला की पोराचे डोळे मिटायला लागत. दादा फार न बोलणारा माणूस. कचेरीतून आला की चपला काढून दाराशीच उभा राहायचा आणि ते संपल्यावर आत यायचा. एकदा मला म्हणाला, "हिच्या माहेरची अंगाई दिसते." मी पुस्तकात डोकं घातलं.

खरं सांगायचा विचार माझ्या मनात येऊन जायचा. पण आता काय सांगणार होतो? आणि कशासाठी?

पाचव्या महिन्यात पोराला ताप आला. छाती वाजायला लागली. बायका म्हणाल्या, डबा झालाय. डॉक्टर आले, त्यांनी न्यूमोनियाची सुई दिली, रात्रीत उतार पडेल म्हणाले. पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. वहिनी त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आईनं उचलून घेतलं.

नदीकाठी जाताना दादानं त्याला दोन्ही हातांवर घेतलं होतं. एवढ्याशा जिवाला खांदेकरी लागत नाहीत. आम्ही चौघेच होतो. परत येताना दादा मला म्हणाला, "तू पुढं हो," आणि एकटाच मागं राहिला. तो घरी आला तेव्हा दिवे लागले होते.

त्यानंतर वहिनी कामं करायच्या, विचारलं तर उत्तर द्यायच्या. गुणगुणणं थांबलं. नवे चित्रपट आले, गेले. मी कधी एखाद्या तुकड्याचं नाव काढलं तर म्हणायच्या, "लक्ष नव्हतं माझं, भाऊजी." ऑपरेटर रोज विचारायचा, "वैनी काय म्हणत्यात?" मी मान हलवायचो.

पाच-सहा महिने असे गेले आणि थिएटरवर तो चित्रपट पुन्हा लागला. लोकाग्रहास्तव, असं पाटीवर लिहिलं होतं. मी पाटी वाचली आणि कॉलेजला न जाता माघारी घरी आलो. का आलो ते मला सांगता आलं नसतं. भिंतीतून येणारा आवाज काही मला थोपवता येणार नव्हता.

तीनचा खेळ सुरू झाला. वहिनी तांदूळ निवडत होत्या. सव्वाचारच्या सुमाराला देवळातली घंटा वाजली. कडी वाजली. मग ते दोन सूर आले.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. आई घाईनं उठली आणि खिडकी लावायला लागली. भिंतीतल्या भोकांपर्यंत तिचा हात पोचणारा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "असू द्या आई. त्याचं आहे ते." आणि उठून भिंतीला पाठ टेकून बसल्या. तुकडा संपेपर्यंत डोळे मिटून होत्या. उघडले तेव्हा त्या डोळ्यांत पाणी होतं, पण इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला.

मग रोजच. सव्वाचार वाजायच्या आत हातातलं काम संपवायच्या आणि भिंतीपाशी बसायच्या. चार दिवसांनी दादाच्या ताटात भाजी वाढताना म्हणाल्या, "मला हा पिक्चर बघायचाय."

वहिनींनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

"ती बाई पाळणा हलवते ते एकदा बघायचंय. नुसतं तेवढंच. मग पुन्हा नाही म्हणणार."

दादानं आईकडं पाहिलं. चित्रपट रडवतो एवढंच आईला ठाऊक होतं, गोष्ट नाही. ती म्हणाली, "जाऊ दे तिला. भिंतीला टेकून बसण्यापेक्षा बरं. जरा मन मोकळं होईल." आणि मला म्हणाली, "उद्या तूच घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑपरेटरला गाठलं. तो मशीन पुसत होता. ऐकून त्यानं फडकं बाजूला ठेवलं.

"आजून सांगितलं न्हाई तुमी?"

"नाही."

"आता सांगा की. येळ हाय आजून. घरी जावा आणि सांगून टाका."

"नाही सांगता येणार मला. तुम्ही तेवढं ते रीळ गाळा."

"रीळ गाळलं तर मालक मलाच गाळंल!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि पावणं, किती दिस गाळणार?"

त्याच्या हातापाया पडायचंच काय ते बाकी होतं. माझ्या डोक्यात एक युक्ती आली होती. चित्र दिसलं तरी हरकत नाही. सगळ्याच चित्रपटांत रडणं असतं. फक्त त्या चित्राबरोबर तो तुकडा वाजता कामा नये. मग मी वहिनींना सांगेन, की पाळण्याचा प्रसंग कापलाय, आता जुनी प्रत आलीये, तुमचा तुकडा दुसरीकडंच होता. काहीतरी सांगेन. ऑपरेटरनं फडकं पुन्हा उचललं.

"आवाज बंद करतो तेवढ्यापुरता," तो म्हणाला. "तुमच्यासाटी न्हाई, वैनींसाटी. पर हे बराबर न्हाई."

थिएटरात बायकांची बाजू वेगळी होती, मध्ये लाकडी कठडा. वहिनी शेजारच्या काकूंबरोबर बसल्या; काकूंनीही हा चित्रपट पाहिला नव्हता. मी कठड्याच्या अलीकडं, त्या दिसतील असा. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दिवे गेले. पहिला अर्धा भाग त्या चित्र बघण्याऐवजी ऐकतच होत्या. तोंड पडद्याकडं होतं, पण मान किंचित कलती, स्वयंपाकघरात असायची तशी. भिंतीआडून ऐकलेला एखादा तुकडा आला की त्या ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या काकूंचा हात दाबायच्या.

मध्यंतर झालं. पुन्हा अंधार झाला. देवळातली घंटा वाजली. मी पाहिलं, वहिनी सरसावून बसल्या. कडी वाजली.

आणि आवाज गेला.

पडद्यावर ती बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. मांडी हलत होती. बाजूला रिकामा पाळणा. क्षणभर सगळं थिएटर गप्प होतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" लगेच शिट्ट्या, बाकांवर थापा, "ए, आवाज कर की! झोपलास काय रं?" मी वहिनींकडं पाहत होतो. त्या अजिबात हलल्या नाहीत. कडीनंतर काय येतं हे त्यांना माहीत होतं. कितीतरी दुपारी त्यांनी ते ऐकलं होतं. दुसऱ्या कुणाला फसवता आलं असतं, त्यांना नाही. ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं, आधी आलं नाही.

मॅनेजर जिना चढून वर धावला असावा. त्यानंच येऊन बटण फिरवलं असणार, कारण आवाज एकदम आला आणि पुरता आला. शेजारची म्हातारी मूल उचलत होती आणि ते दोन सूर सगळ्या थिएटरभर वाजत होते, पुढं-मागं, पुढं-मागं. रिकामी मांडी हलत होती.

वहिनी उठल्या. काकूंना काहीतरी म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. त्या झपाझप चालत नव्हत्या, नेहमीसारख्याच चालत होत्या. थिएटरला वळसा घालून आमच्या बोळात शिरलो तेव्हा त्या न थांबता म्हणाल्या,

"आवाज तुम्ही बंद करायला सांगितलात?"

"हो."

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बोळात कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. वहिनी त्यांच्या आडोशाला थांबल्या.

"पोटात होता तेव्हापासून म्हणत होते मी त्याला ते," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशीसुद्धा."

मला वाटलं, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"खरं सांगायचं होतंत, भाऊजी. मी त्याला दुसरं काहीतरी म्हटलं असतं."

एवढंच. घरी आईनं विचारलं, "लवकर आलीस गं? कसा होता?" वहिनी म्हणाल्या, "चांगला होता." आणि चूल पेटवायला बसल्या. दादाला किंवा आईला त्यांनी कधी काही सांगितलं नाही, मीही नाही.

तो चित्रपट आणखी दोन आठवडे होता. रोज चारच्या सुमाराला वहिनी कळशी घेऊन बाहेर पडायच्या. घरात पाणी असलं तरी जायच्या. पाचनंतर यायच्या. पुढच्या दोन खेळांना त्या वेळी बाहेरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या.

ऑपरेटरला मालकानं सगळ्यांदेखत बोलून घेतलं. त्यानं कारण सांगितलं नाही. मशीन अडलं म्हणाला. महिन्याभरात त्यानं ती नोकरी सोडली आणि गावोगाव तंबू ठोकणाऱ्या एका फिरत्या सिनेमात लागला. जाण्याआधी मला भेटला. आमची नेहमीची बोलणी झाली नाहीत. उठताना म्हणाला, "वैनींना सांगा, माझंबी चुकलं. मी व्हय म्हणायला नको हुतं."

मी तो निरोप घरी नेला. वहिनी ताक घुसळत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. आणि पुन्हा घुसळू लागल्या.

तो मी पोचवलेला शेवटचा निरोप. त्यानंतर आमच्यात बिनशब्दाचा विषय निघाला नाही. वर्षभरात दादानं गावाच्या दुसऱ्या टोकाला जागा बघितली. तिथं भिंतीपलीकडं पिठाची गिरणी होती. पुढं वहिनींना मुलगी झाली. तिला आई झोपवायची, तिच्या ओव्या म्हणून. वहिनी आंघोळ घालायच्या, भरवायच्या, वेणी घालायच्या. अंगाई त्यांनी तिला म्हटली नाही. घरात रेडिओ आला तेव्हा गाणी ऐकायच्या. गाणं सुरू होण्याआधी वाद्यं जरा जास्त वेळ वाजली की काहीतरी आणायला आत जायच्या.

छप्पन्न-सत्तावन्न साली मला कोकणात शाळेत नोकरी लागली. दादा कचेरीत होता म्हणून स्टँडवर पोचवायला वहिनी आल्या, मुलीला कडेवर घेऊन. माझी वळकटी, एक ट्रंक, त्यांनी दिलेला लाडवांचा डबा. गाडी लागायला अवकाश होता. मी रात्रभर शब्द जुळवले होते. आज माफी मागायचीच, पुन्हा अशी वेळ यायची नाही, हे मला पक्कं कळत होतं.

"तिकडं हवा दमट असते," वहिनी म्हणाल्या. "कपडे पुरते वाळल्याशिवाय घालू नका."

"नाही घालणार."

"खाणावळीचं बाधलं तर नुसता भात खा एखादा दिवस."

"वहिनी," मी म्हणालो, "ते तेव्हा मी..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलणार आहे हे त्यांना समजलं होतं, यात मला आजही शंका नाही. मुलगी त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होती. त्यांनी तिची बोटं सोडवली.

"गाडी लागली, भाऊजी. पळा, जागा धरा. खिडकीची मिळाली तर बघा."

मी पळालो. खिडकीची जागा मिळाली. बाहेर पाहिलं तर वहिनी मुलीचा हात धरून तो माझ्या दिशेनं हलवत होत्या.